नऊ विजय, एक नकार

१९५१ सालच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला. पाहुणा संघ होता युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा, टोपणनाव डॉन्स. पाहुण्यांनी यजमानांचा ४७-१४ असा फडशा पाडला. मोसम संपल्यावर या पॅसिफिक संघाला टेक्सासमधल्या एल पासोहून सन बोल या मानाच्या सामन्याचं बोलावणं आलं. ते गेले, टेक्सास टेककडून २५-१४ असे हरले आणि परत आले. ज्यांनी त्यांना त्यांच्याच गावात तेहतीस गुणांनी लोळवलं होतं, त्या डॉन्सना मात्र कुणी बोलावलं नाही. डॉन्स त्या मोसमात नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. बरोबरीतसुद्धा एकही सुटला नाही.

याचं कारण गुणतक्त्यात सापडत नाही. संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही शाहू स्टेडियम येतं. पेठेपेठेतल्या तालमींचे संघ, मॅचच्या दिवशी दुपारपासूनच ओस पडलेल्या गल्ल्या, आणि हरल्यावर आठवडाभर धुमसणारी पेठ. सॅन फ्रान्सिस्कोला आलो तेव्हा इथल्या लांबुळक्या चेंडूच्या खेळाला फुटबॉल म्हणायला माझी जीभ वळत नसे. पण घराजवळच गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात केझर स्टेडियम आहे. तिथला धावण्याचा ट्रॅक सगळ्यांना खुला असतो, म्हणून मी संध्याकाळी तिथे फिरायला जाऊ लागलो. समुद्रावरून धुकं सरकत येतं, मैदानात सीगल पक्षी उतरतात, शाळकरी पोरं सरावाला येतात. १९२५ साली बांधलेलं जुनं, अवाढव्य केझर १९८९ मध्ये पाडलं. आता उरलंय ते आटोपशीर मैदान, आणि त्याला नाव आहे बॉब सेंट क्लेअर यांचं. हे सेंट क्लेअर कोण, याचा शोध घेता घेता मी १९५१ च्या डॉन्सपर्यंत पोचलो आणि मग त्यांनी मला सोडलं नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. बाकीचे बारकावे पुष्कळ आहेत, पण या गोष्टीला एवढं पुरे.

‘बोल’ म्हणजे काय ते मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे. कॉलेजांचा मोसम तेव्हा नोव्हेंबरअखेर संपे. त्यानंतर नववर्षाच्या सुमाराला काही शहरांत मानाचे सामने भरत. मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, डॅलसचा कॉटन बोल, जॅक्सनव्हिलचा गेटर बोल. ही सगळी दक्षिणेतली शहरं. हिवाळ्यात पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, म्हणून तिथल्या मातब्बर मंडळींनी या स्पर्धा उभ्या केल्या आणि कुणाला बोलवायचं हे त्यांच्याच समित्या ठरवत. कॅलिफोर्नियातला रोज बोल सगळ्यांत जुना, पण त्याची दारं त्या काळी फक्त पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि मध्यपश्चिमेतल्या बड्या विद्यापीठांच्या दोन संघटनांना उघडी असत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेकडीवरच्या जेझुइट या कॅथलिक पंथाच्या एका लहानशा कॉलेजला तिथे प्रवेश नव्हता. म्हणजे त्यांचा मोसम कितीही देखणा झाला तरी त्याचं चीज होणार की नाही, हे ठरवणार होती दक्षिण. आणि त्या दक्षिणेत तेव्हा शाळा वेगळ्या होत्या, बसमधल्या जागा वेगळ्या होत्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते.

हा संघ जमला कसा, त्यात युद्धाचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने १९४४ च्या कायद्याने उचलला आणि कॉलेजांत वेगळ्याच वयाची, वेगळ्याच अनुभवाची पोरं येऊन बसली. जिनो मार्केटी त्यांतला. इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपातल्या बर्फात, बल्जच्या लढाईत मशीनगन चालवून आला. तो मोटरसायकलवरून, अंगात चामडी जाकीट घालून कॉलेजात यायचा. अशा माणसाला प्रशिक्षकाने मैदानाला फेऱ्या मारायला लावणं ही काही फार भयंकर गोष्ट वाटत नसणार. सेंट क्लेअर त्याच्याहून लहान, सहा फूट नऊ इंच उंच आणि कच्चं मांस खाण्याबद्दल गावभर प्रसिद्ध.

मॅट्सन टेक्सासमध्ये जन्मला आणि शाळेच्या वयातच सॅन फ्रान्सिस्कोला आला. टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघं आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले आणि तो १९४८ चा संघही अपराजित राहिला. मग दोघंही टेकडीवरच्या कॉलेजात दाखल झाले. मॅट्सन धावणारा. शंभर किलोच्या आसपास वजन आणि पायांत ऑलिंपिक धावपटूचा वेग. टोलर आक्रमणातही खेळे आणि बचावातही, बचावात पहिल्या फळीच्या मागे. त्याला पाहिलेले लोक सांगत की संघातला सगळ्यांत पुरा खेळाडू तोच.

प्रशिक्षक जो कुहॅरिच नोत्र दाम विद्यापीठाचा माजी खेळाडू, शिस्तीचा कडक. १९४८ मध्ये तो आला तेव्हा संघाने दोन सामने जिंकले आणि सात हरले. पुढच्या दोन वर्षांत जमू लागलं. मोसमाआधीच्या सरावासाठी तो पोरांना सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या कॉर्निंगला घेऊन जाई. ऑलिव्हच्या बागांचं गाव आणि उन्हाळ्यात नुसती भट्टी. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्याची सवय असलेल्या पोरांचा तिथे घाम काढला जाई. त्या कॉर्निंगच्या आठवणी खेळाडूंनी म्हातारपणीही मोठ्या चवीने सांगितल्या आहेत. मला त्या वाचताना सारखं जाणवतं की पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. सोळा-सतरा तास एकत्र राहायचं, एकाच उन्हात पडायचं, एकाच बादलीतलं पाणी डोक्यावर ओतायचं. माणसं अशीच एकमेकांची होतात, त्यासाठी कुणाचं भाषण ऐकावं लागत नाही.

संघाची जाहिरात करायला एक चटपटीत तरुण होता, पीट रोझेल. तोही त्याच कॉलेजातून शिकून निघालेला. वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायच्या, पत्रकारांना सामन्याला आणायचं, मॅट्सनचं नाव देशभर करायचं, हे त्याचं काम. पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं कॉलेज पूर्वेकडच्या पत्रकारांच्या खिजगणतीत नसे. म्हणून ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमशी झालेला सामना फार महत्त्वाचा होता.

या सामन्यापाशी मी जरा थांबणार आहे.

कुणीतरी गुण केले की पुढचा डाव किकने सुरू होतो. एक संघ चेंडू लाथेने उंच, लांब उडवतो. दुसऱ्या संघातला एक खेळाडू आपल्या शेवटच्या रेषेजवळ तो झेलायला उभा असतो. चेंडू हवेत असतानाच समोरचे अकरा जण त्याच्या दिशेने सुसाट निघालेले असतात. चेंडू हातात येतो तेव्हा त्याच्यासमोर जवळजवळ सगळं मैदान पसरलेलं असतं आणि त्यात त्याला पाडायला निघालेली अकरा धडधाकट माणसं. बहुतेक वेळा तो वीस-पंचवीस यार्डांत आडवा होतो. फोर्डहॅमविरुद्ध ऑली मॅट्सनने अशी किक झेलून एकदा ९४ यार्ड आणि एकदा ९० यार्ड धाव घेतली, दोन्ही वेळा थेट शेवटच्या रेषेपलीकडे. एका सामन्यात एखाद्याने एकदा असं केलं तरी लोक वर्षभर बोलतात. डॉन्स तो सामना ३२-२६ असा जिंकले. त्या मोसमातला सगळ्यांत अटीतटीचा सामना तोच. मॅट्सनच्या त्या दोन धावा नसत्या तर ‘अपराजित’ हा शब्द त्यांच्या नावापुढे लागला नसता.

मोसमाअखेर मॅट्सनच्या नावावर धावून काढलेले १,५६६ यार्ड होते, त्या वर्षी देशात सर्वाधिक, आणि २१ टचडाउन. तरीही सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो नववा आला.

त्याच ऑक्टोबर महिन्यात ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरमध्ये दुसरा एक सामना चालू होता. ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हाही कृष्णवर्णीय आणि हाही देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी. चेंडू त्याच्या हातात नसताना, खेळाशी त्याचा त्या क्षणी काही संबंध नसताना समोरच्या संघातल्या विल्बँक्स स्मिथने त्याच्या तोंडावर कोपराचा तडाखा दिला. जबडा मोडला. मोडक्या जबड्याने ब्राइटने पुढे टचडाउनचा पास फेकला आणि मग तो मैदानाबाहेर गेला. डे मॉइन रजिस्टर या वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी तो सगळा प्रसंग टिपला होता. त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. ड्रेक विद्यापीठाने निषेध म्हणून आपल्या संघटनेतून अंग काढून घेतलं. १९५१ चा मोसम हा असा होता. मॅट्सन आणि टोलर दर सामन्याला मैदानात उतरत ते हे ठाऊक असताना.

स्टॉकटनच्या विजयानंतर ऑरेंज बोलचं बोलावणं येणार असं सगळे धरून चालले होते. संघाला त्याची गरजही फार होती. फुटबॉल कॉलेजला परवडेनासा झाला होता आणि मायामीतल्या एका सामन्याचे पैसे आले असते तर गळ्याशी आलेलं पाणी थोडं उतरलं असतं. मोसमातला शेवटचा सामना पासाडेनाला, रोज बोलच्या प्रचंड स्टेडियममध्ये लॉयोला कॉलेजशी झाला. तोही डॉन्स २०-२ असा जिंकले.

मग निरोप आला. खेळाडूंनी वर्षानुवर्षं जे सांगितलं ते असं: दक्षिणेतल्या बोलचं निमंत्रण मिळू शकेल, पण मॅट्सन आणि टोलर यांना घरी ठेवून यायचं. कुहॅरिचने हे संघाला सांगितलं. संघाने नाही म्हटलं. कोण काय बोललं, नेमकं कुठे बोललं, याच्या आठवणी माणसागणिक थोड्या वेगळ्या आहेत, आणि पन्नास वर्षांनी त्या तशा असणारच. पण एका गोष्टीवर कुणाचंही दुमत नाही. मत घ्यावं लागलं नाही, चर्चा करावी लागली नाही, कुणाला समजवावं लागलं नाही.

डॉन्सचं वेळापत्रक सोपं होतं, प्रतिस्पर्धी दुबळे होते, असंही कारण तेव्हा दिलं गेलं. वेळापत्रकात एक मरीन सैनिकांचा संघ होता, एक नौदलाच्या तळाचा, आणि सॅन होजे स्टेटशी तर दोनदा गाठ पडली होती, हे खरं आहे. पण पॅसिफिकला बोलावणं येतं आणि पॅसिफिकला तेहतीस गुणांनी हरवणाऱ्यांना येत नाही, तेव्हा वेळापत्रकाचा युक्तिवाद कुठे टिकतो?

ही गोष्ट बहुधा गोऱ्या खेळाडूंच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते. त्यांनी आपल्या दोन सोबत्यांसाठी एवढ्या मोठ्या संधीवर पाणी सोडलं, असं. मला हे सांगणं पुरतं पटत नाही. त्याग म्हटलं की देणारा आणि घेणारा असे दोन गट पडतात, आणि तसे गट पाडायलाच तर त्या पोरांनी नकार दिला होता. मॅट्सनशिवायचे डॉन्स हे डॉन्स नव्हतेच. देशात सर्वाधिक यार्ड काढणारा माणूस घरी ठेवून तुम्ही कुणाला खेळायला बोलावता आहात? समितीला निमंत्रण द्यायचा अधिकार होता, न द्यायचाही होता. पण संघात कोण आणि कोण नाही हे ठरवायचा अधिकार तिला नव्हता, आणि ती तोच मागत होती. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हा फरक एका क्षणात कळला. मोठमोठ्या विद्यापीठांच्या कुलगुरूंना, प्रशिक्षकांना, समित्यांवरच्या प्रतिष्ठितांना तो पुढे कितीतरी वर्षं कळत नव्हता. १९५६ च्या शुगर बोलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरणार म्हटल्यावर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने आपल्या राज्याच्या संघाला जाऊ द्यायचं नाही असा पवित्रा घेतला होता. ते चार वर्षांनंतरचं.

आणि मी त्या दोघांचा फार विचार करतो. आपण आहोत म्हणून बाकीच्यांचं निमंत्रण गेलं, हे ओझं मॅट्सन आणि टोलरने कसं वाहिलं असेल? चूक त्यांची काडीचीही नव्हती. तरी ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच अवघडल्यासारखं वाटावं अशी या जगाची रीत आहे. शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी सहलीचे डबे खायला बसलो असताना त्याच्या आजीने एका मित्राला अंगणात वेगळं बसायला सांगितलं होतं. आम्ही सगळे डबे उचलून अंगणात गेलो. त्यात काही शौर्य नव्हतं, आम्हाला तसंच बरं वाटलं. पण त्या मित्राने त्यानंतर अख्खा दिवस मान वर केली नाही, ते मला आजही डाचतं. मॅट्सन आणि टोलर या प्रसंगाबद्दल कधी कडवटपणे बोलले नाहीत असं सगळे कौतुकाने सांगतात. मी ते कौतुक जरा जपून ऐकतो. न बोलण्याची किंमतही माणूस आतून मोजत असतो.

डिसेंबर संपायच्या आत कॉलेजने फुटबॉल बंद करत असल्याचं जाहीर केलं. अपराजित संघाचा पुढचा मोसम आलाच नाही.

बोलचे पैसे मिळाले असते तर संघ वाचला असता का? माझं मत असं की एक-दोन वर्षं तग धरला असता, फार नाही. कॅथलिक कॉलेजांचा फुटबॉल तेव्हा सगळीकडेच मोडत होता. शेजारच्या सेंट मेरीजने त्याच वर्षी, मोसमाआधी गाशा गुंडाळला होता. लॉयोलाने डॉन्सच्याच पाठोपाठ बंद केला, सांता क्लाराने पुढच्या वर्षी. फोर्डहॅमनेही १९५४ नंतर थांबवला. आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी असा खेळ होऊ लागल्यामुळे दुप्पट खेळाडू पोसावे लागत. घरोघर टेलिव्हिजन येत होता. सॅन फ्रान्सिस्कोत तर १९४६ पासून फोर्टीनायनर्स हा व्यावसायिक संघ त्याच केझरवर खेळत होता आणि प्रेक्षक तिकडे वळले होते. तेव्हा कॉलेजचा फुटबॉल दक्षिणेने मारला असं मी म्हणणार नाही. पण जाता जाता एक सन्मानाचा सामना खेळायचा त्यांचा हक्क होता, तो दक्षिणेने मारला.

संघ विखुरला आणि मग साऱ्या देशाला कळलं की त्या टेकडीवर काय होतं. त्या एका संघातल्या नऊ जणांना व्यावसायिक संघांनी निवडलं. मॅट्सन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघं पुढे ओहायोतल्या कँटनच्या व्यावसायिक फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेले. मॅट्सन आणि मार्केटी तर एकाच वर्षी, १९७२ मध्ये. एकाच मोसमातल्या एकाच कॉलेज संघातले तिघं! आणि जाहिरात करणारा तो चटपटीत पीट रोझेल १९६० मध्ये नॅशनल फुटबॉल लीग या सबंध व्यावसायिक स्पर्धेचा आयुक्त झाला आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिला. आयुक्त होण्याआधी तो लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघाचा व्यवस्थापक होता. १९५९ मध्ये त्याने मॅट्सनला आपल्या संघात आणलं, बदल्यात नऊ खेळाडू देऊन. जुन्या दोस्ताची किंमत त्याला पुरती ठाऊक होती.

१९५२ च्या उन्हाळ्यात मॅट्सन हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. चारशे मीटरमध्ये कांस्य, ४ बाय ४०० रिलेमध्ये रौप्य. आम्हा कोल्हापूरकरांना हेलसिंकी म्हटलं की वेगळंच काही आठवतं. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. मॅट्सन आणि खाशाबा एकमेकांना भेटले असतील असं मी म्हणत नाही. पण एकाच उन्हाळ्यात, एकाच गावात, दोन कांस्यपदकं घेऊन दोन माणसं उभी होती, आणि दोघांच्याही मागे कुणीतरी आपलं काहीतरी पणाला लावलेलं होतं. केझरच्या ट्रॅकवर चालताना ही जुळवाजुळव मनात आली तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मॅट्सनचा शेवट मात्र सुखाचा नव्हता. म्हातारपणी स्मृती गेली. २०११ मध्ये तो वारला आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या मारांनी होणारा आजार सापडला. ९४ यार्डांची धाव आठवताना हेही आठवावं लागतं. खेळाने त्याला खूप दिलं आणि बरंच काढूनही घेतलं.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बर्ल टोलर, ज्याला खेळाने जवळजवळ काहीच दिलं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं होतं. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजमधल्या निवडक खेळाडूंचा व्यावसायिक विजेत्यांशी शिकागोत सामना झाला, त्यात त्याचा गुडघा गेला. व्यावसायिक मैदानावर एक दिवसही न खेळता त्याची कारकीर्द संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि बेंजामिन फ्रँकलिन मिडल स्कूलमध्ये शिक्षक झाला. पुढे त्याच शाळेचा मुख्याध्यापक. सॅन फ्रान्सिस्कोच्या माध्यमिक शाळांतला पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक.

आणि १९६५ मध्ये तो मैदानावर परतला, पंच म्हणून. नॅशनल फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. आठवडाभर शाळा, रविवारी सामना. ज्या खेळात तो दक्षिणेच्या मैदानावर पाहुणा म्हणूनही चालत नव्हता, त्या खेळात आता तो शिट्टी वाजवायचा, नियम मोडला की पिवळा रुमाल फेकायचा आणि काळे-गोरे सगळे खेळाडू त्याचा निर्णय मानायचे. असं त्याने पंचवीस वर्षांच्या आसपास केलं. जानेवारी १९८० मध्ये सुपर बोलसाठी, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यासाठी, पंचांची यादी निघाली, त्यात टोलरचं नाव होतं. सुपर बोलमध्ये उभा राहणारा तो पहिला कृष्णवर्णीय पंच. सामना झाला पासाडेनाच्या रोज बोल स्टेडियममध्ये. १९५१ च्या नोव्हेंबरात डॉन्स आपला शेवटचा सामना खेळले ते मैदान हेच. त्या दिवशी गॅलऱ्या बहुतांश रिकाम्या होत्या. या वेळी लाखाच्या वर माणूस होता.

२००६ मध्ये कॉलेजने त्या संघातल्या हयात खेळाडूंना मानद पदव्या दिल्या. तोवर पंचावन्न वर्षं लोटली होती आणि बरेच जण गेले होते. टोलर २००९ मध्ये गेला. सेंट क्लेअर २०१५ मध्ये, मार्केटी २०१९ मध्ये.

विद्यापीठाच्या आवारात पहिल्या वर्षाच्या मुलांचं एक वसतिगृह आहे. कैक वर्षं त्याला जेम्स फेलन यांचं नाव होतं. फेलन सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होते, पुढे कॅलिफोर्नियाचे सिनेटर झाले आणि १९२० ची निवडणूक त्यांनी ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ या घोषणेवर लढवली होती. आशियातून आलेल्या माणसांविरुद्धची ती घोषणा, म्हणजे माझ्यासारख्यांविरुद्धचीसुद्धा. विद्यार्थ्यांनी हे नाव काढायची मागणी लावून धरली आणि २०१७ मध्ये ते निघालं. आता ते वसतिगृह टोलर हॉल आहे.